कुत्रा पाळावा काय? एका निर्णयाचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ८ वी. परिसर अभ्यास व गणित यांच्या जोडीने घ्यावयाचा)



गेल्या मार्गशीर्षाच्या आरंभी सोयगाव तालुक्यातील डोंगरपायथ्याच्या एका शाळेस भेट देण्याचा योग आला. परिपाठ आटोपून मुले वर्गात स्थिरावली होती. पाचवीच्या वर्गात पाऊल टाकले तोच शेवटच्या ओळीतून बारीक कुंईकुंई ऐकू आली. वर्गशिक्षक ओशाळले. एका मुलाच्या दप्तरात, पुस्तके एका बाजूस सारून, तांबूस रंगाचे एक पिल्लू ठेवलेले होते. त्याचे डोळे नुकतेच उघडलेले होते व पाय अजून सरळ पडत नव्हते.

मुलगा हुशार. जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेस बसलेला. परीक्षा जेमतेम पंधरावीस दिवसांवर. गुरुजी म्हणाले, "साहेब, शाळा सुटल्यावर तासभर याला थांबवून घेतो, तर याचं चित्त त्या पिल्लापाशी. तुम्हीच सांगा याला." मुलाने माझ्याकडे पाहिले व एवढेच म्हटले, "मी त्याले सांभाळतो ना, साहेब."

अशा प्रसंगी आपण वडीलमाणसे दोहोंपैकी एक उत्तर देऊन मोकळे होतो. एक, "टाकून ये आधी, अभ्यास कर." दुसरे, "ठेव बापडे, कुठे तरी पडून राहील." पहिल्याने मुलाच्या मनातील दयेचा कोंब खुडला जातो आणि दुसऱ्याने एका जिवाचे पुढचे दहाबारा वर्षांचे आयुष्य क्षणात, विचार न करता, ठरविले जाते. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट मात्र समान आहे, ती ही की ठरविण्याचे काम मुलाने केलेले नसते. मुलास कुत्रा द्यावा की न द्यावा हे सांगणे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु ते कसे ठरवावे हे त्यास शिकविणे मात्र निश्चितपणे आपले काम आहे. त्या दिवशी गुरुजींच्या अनुमतीने मी जो पाठ घेतला, आणि पुढे त्यांनी स्वतः दोन तासिकांत जो पुरा केला, त्याची हकीकत व त्यातून सुचलेली मांडणी पुढे देत आहे.

पिल्लू केव्हा येते?

आरंभ एका साध्या प्रश्नाने करावा. पिल्ले नेमकी याच दिवसांत गावोगाव का दिसू लागतात? खेड्यातील मुलांना याचे उत्तर अर्धेअधिक ठाऊक असते. गावठी कुत्र्यांचा माजाचा काळ बहुतेक भाद्रपदाच्या सुमारास येतो. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे पिल्ले कार्तिकाच्या आगेमागे जन्मतात. मुलांकडून पंचांगाच्या महिन्यांवर हा हिशेब बोटे मोजून करून घ्यावा.

आता विचारावे की, त्या दिवसांत आपल्या घरी काय चाललेले असते? सोयगावच्या मुलांना विचार करावा लागला नाही. कापसाची वेचणी. घरातील धडधाकट माणूस तेवढा सकाळपासून शेतात. सुटीच्या दिवशी मुलेही. मक्याची कणसे खळ्यावर पडलेली. तांड्यांवरील काही कुटुंबे दिवाळी आटोपताच ऊसतोडीस निघून गेलेली. शाळेत याच सुमारास स्पर्धापरीक्षांचे जादा वर्ग. म्हणजे पिल्लास सर्वांत अधिक माणूस लागतो त्या आठवड्यांत घरात सर्वांत कमी माणसे असतात. ही अडचण कोणाच्या दुष्टपणामुळे उत्पन्न होत नाही, ऋतूच तसा आहे. ही गोष्ट मुलांनी आपल्या तोंडाने सांगितली तेव्हा वर्गात जरा शांतता पसरली.

यानंतर एक दिलासा द्यावा. पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी राहावयास पाहिजे. आईचे दूध त्याला रोगाशी झगडण्याचे बळ देते. भावंडांशी खेळताना चावा किती जोराने घ्यावा व केव्हा सोडावा हेही ते तेथेच शिकते. अकाली उचललेले पिल्लू पुढे भित्रे अथवा चावरे निपजण्याचा संभव असतो. आमच्या दप्तरातील पाहुणा फार तर तीन आठवड्यांचा. तेव्हा त्या दिवशी करावयाचे काम एकच होते, पिल्लू जेथून उचलले तेथे, आईपाशी, परत नेऊन ठेवणे. मधल्या सुटीत गुरुजी व मुलगा जाऊन ठेवून आले. ठरविण्यास अशा रीतीने पाच आठवड्यांची मुदत मिळाली. मोठ्या माणसांनाही एवढी मुदत क्वचित लाभते.

फलकावरील हिशेब

दुसऱ्या तासिकेस प्रत्येक मुलाने वहीत आपल्या दिवसाचे टिपण करावे. उठल्यापासून निजेपर्यंत कोणते काम केव्हा, किती मिनिटे. शिक्षकाने मध्ये बोलू नये. त्या मुलाचे टिपण त्याच्या संमतीने फलकावर लिहिले. झोप नऊ तास. पाणी भरणे, अंघोळ, सकाळचा अभ्यास, जेवण, शाळेत येणे. शाळा व तिला लागून जादा वर्ग. घरी गेल्यावर शेळ्यांना पाला टाकणे. जेवण, पुन्हा अभ्यास. यांतून त्याच्या स्वतःच्या हाती उरत होती ५० मिनिटे. तीही सायंकाळी साडेसहानंतर, ज्या वेळी गल्लीतील मुले खेळावयास जमतात.

मग फलकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर कुत्र्याचा दिवस मांडला. खाऊ घालणे, पाणी बदलणे, बसण्याची जागा स्वच्छ करणे, सकाळ-सायंकाळ फिरवून आणणे, शिकविणे व खेळविणे. मुलांनीच अंदाज सांगितले व आम्ही बेरीज केली ती ९० मिनिटे झाली. लहान पिल्लू असेल तर याहून अधिक, कारण त्याला दिवसातून तीनचार वेळा थोडेथोडे खावयास लागते व चार तासांहून अधिक वेळ ते एकटे राहू शकत नाही. पुढचे गणित मुलांनी हौसेने केले. ९० मिनिटांप्रमाणे वर्षाची ३२,८५० मिनिटे, म्हणजे साडेपाचशे तासांस थोडे कमी. नीट राखलेला गावठी कुत्रा दहाबारा वर्षे जगतो. बारा वर्षे धरल्यास साडेसहा हजार तासांहून अधिक.

येथे थोडे थांबावे, कारण पाठाचा गाभा येथे आहे. ५० मिनिटांतून ९० मिनिटे वजा होत नाहीत, हे पाचवीच्या मुलास सांगावे लागत नाही. ते सांगितल्यावर हात वर होतात व एकच उत्तर येते, "घरचे बघतील." या उत्तरावर समाधान मानून पुढे जाऊ नये. "घरचे म्हणजे कोण? नाव लिहा." असे म्हणावे.

आमच्या वर्गात हे विचारल्यावर जे घडले ते मी अपेक्षिले नव्हते. मुलांनी लिहिलेली नावे बहुतेक आईची व बहिणीची निघाली. वडिलांचे नाव दोघांनी लिहिले. त्याच वर्गात त्या बहिणींपैकी दोघी बसलेल्या होत्या. त्यांतील एकीचे टिपण मागाहून पाहिले. भाकरी थापणे, भांडी, धाकट्या भावास सांभाळणे, अभ्यास. तिच्या स्वतःच्या हाती उरत होती २० मिनिटे. तिच्या भावाने त्या २० मिनिटांवर आपला कुत्रा लिहून टाकला होता. मी काही बोललो नाही. भावाने आपल्या वहीतील ते नाव खोडरबराने पुसले, हे मात्र मी पाहिले.

तेव्हा हे लक्षात ठेवावे की, या पाठात कुत्रा हे निमित्त आहे असे नाही. कुत्रा खराच आहे. परंतु त्याच्या निमित्ताने घरातील वेळ कोणाचा व तो कोण खर्च करतो हेही मुलांसमोर आपोआप येते. शिक्षकाने ते येऊ द्यावे, त्यावर व्याख्यान देऊ नये.

यानंतर वर्षांचा हिशेब. मूल आज अकरा वर्षांचे. कुत्रा बारा वर्षांचा होईल तेव्हा ते तेवीस वर्षांचे होईल. मधल्या काळात काय काय येते ते मुलांकडून वदवून घ्यावे. दहावी, बारावी. सोयगावची मुले पुढील शिक्षणास सिल्लोडला जातात, जळगावला जातात, छत्रपती संभाजीनगरास जातात. खोली घेऊन राहतात. आणि आमच्या त्या मुलाच्या बाबतीत तर प्रश्न याहून जवळचा होता. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय डोंगराच्या वर, कन्नडला. निवड झाली तर जूनपासून वसतिगृह. पाच आठवड्यांनी पिल्लू आणण्याजोगे होईल तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असेल, पण निकाल लागलेला नसेल. म्हणजे ठरवावयाचे ते पुढचे न कळता ठरवावयाचे. म्हणून गुरुजींनी त्यास वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावयास सांगितली. डाव्या बाजूस 'निवड झाली तर', उजव्या बाजूस 'न झाली तर'. दोन्ही बाजूंस पिल्लाचे काय होईल ते लिहावयाचे. उजवी बाजू त्याने लगेच भरली. डावी बाजू दोन दिवस कोरी होती.

एक जुनी गोष्ट

ही डावी बाजू कोरी ठेवून मी स्वतः एकदा कुत्रा पाळला आहे. ती गोष्ट मी त्या वर्गात सांगितली, येथेही सांगतो.

सन १९९० मध्ये मी अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षास होतो. आम्ही तिघे मित्र एका खोलीत राहत असू. बसस्थानकामागे सापडलेले एक पांढरे पिल्लू मी पोत्यात घालून आणले. नाव ठेवले मोती. पहिले पंधरा दिवस तिघेही त्याचे मालक होतो, नंतर मी एकटा. सराव पाठ सुरू झाले. आसपासच्या खेड्यांतील शाळांत सकाळी सातला जावे आणि दिवेलागणीस परत यावे. मोती दाराच्या कडीस बांधलेला. तो दिवसभर रडे, शेजारी तक्रार करीत आणि मी सायंकाळी दमून येई तो पाठ-टाचणे काढावयास बसे. त्याच्या अंगावर गोचीड झाले ते मला माझ्या मित्राने दाखविले. दिवाळीच्या सुटीत एका चहावाल्याच्या पाया पडून त्याला तेथे ठेवला. मे महिन्यात परीक्षा संपली, खोली सोडावयाची होती, आणि माझ्या घरी गोठ्यात आधीच एक कुत्रा होता.

मी त्याला सायकलवर पुढे बसवून गावाबाहेर एका वीटभट्टीजवळ नेले. तेथे मजुरांची वस्ती आहे, खावयास मिळेल, असे मी स्वतःस सांगितले. त्याला खाली ठेवून सायकल वळविली. तो मागे धावू लागला. मी वळून पाहिले नाही असे मी अनेक वर्षे लोकांना सांगत आलो. खरे असे आहे की मी पाहिले, आणि पायडल अधिक जोराने मारले.

पाळलेला प्राणी विनाकारण, त्याचे हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ अन्वये अपराध आहे. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी निराळा वागलो असतो असेही खात्रीने म्हणवत नाही. जे व्हावयास पाहिजे होते ते पोत्यात पिल्लू घालण्यापूर्वी व्हावयास पाहिजे होते.

वरच्या वर्गांस महाभारतातील दोन कथा याच ठिकाणी सांगाव्यात. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या ठिकाणी आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लास, त्याचा काही अपराध नसता, मारतात व त्याची आई सरमा राजापुढे येऊन जाब विचारते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर, मागोमाग आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गाच्या रथात चढण्याचे नाकारतो. एवढ्या विशाल ग्रंथाच्या आरंभी व अखेरीस कुत्रा उभा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात आलेले नसते.

चावा व लस

कुत्रा घरी येणार असो वा नसो, हा भाग प्रत्येक शाळेत व्हावयासच पाहिजे. २०२४ या एका वर्षात आपल्या देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रेबीज अर्थात पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु चावा झाल्याबरोबर योग्य उपचार झाले तर हा रोग टाळता येतो.

खेड्यात उपचारास उशीर का होतो, याचा मी अनेक ठिकाणी शोध घेतला आहे. एक कारण म्हणजे जुन्या इंजेक्शनांची धास्ती. आजेआजी अजूनही बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची आठवण सांगतात आणि मूल घाबरून चावा लपविते. ती आठवण खोटी नाही. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस आपल्या देशात दीर्घकाळ चालत होती. परंतु २००५ पासून ती वापरात नाही. आताची लस दंडात देतात. स्नायूत द्यावयाची असल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, आणि त्वचेत द्यावयाची असल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी. जखम खोल असेल अथवा रक्त आले असेल तर जखमेभोवती निराळे औषधही टोचावे लागते, ते डॉक्टर ठरवितात. हे दिवस फलकावर लिहावेत आणि चौदाचा आकडा मुलांच्या देखत पुसून टाकावा.

दवाखान्यात नेण्यापूर्वीचे काम शाळेतच व्हावयास हवे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे किती लांब असतात हे मुलांना एकदा घड्याळ लावून दाखवावे. तिखट, चुना, हळद, तेल यांतील काहीही लावू नये, पट्टी आवळू नये. कुत्रा ओळखीचा आहे, पिल्लूच तर आहे, नुसते ओरखडलेच आहे, या तीन सबबी सर्वांत घातक. पिल्लाच्या दातानेही हा रोग होऊ शकतो.

मुलांना गोष्ट हवी असते. तिच्यासाठी सन १८८५ मधील जोसेफ माइस्टर आहे. फ्रान्सच्या सीमेवरील आल्सास प्रांतातील नऊ वर्षांचा मुलगा, पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावलेला. ६ जुलै रोजी लुई पाश्चर यांनी त्यास नवी लस देण्यास आरंभ केला व तो वाचला. पुढे मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत द्वारपाल झाला. पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. परिपाठात त्या दिवशी ही गोष्ट सांगता येईल.

पाळावयाच्या कुत्र्यास रेबीजची पहिली लस सुमारे तीन महिन्यांचा झाल्यावर, व पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. जंताचे औषध व इतर रोगांच्या लसी याआधीपासून. या सर्वांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन आणणारा मोठा माणूस घरात कोण, हे नाव वहीत लिहिलेले नसेल तर कुत्रा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळेच्या बाबतीत मी मुलावर सोडतो, या बाबतीत सोडीत नाही.

शाळेच्या आवाराविषयीही थोडेसे. शालेय पोषण आहाराचे उरलेले अन्न आवारातच कुत्र्यांना टाकण्याची पद्धत कोठे कोठे दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांची आवारे भटक्या कुत्र्यांपासून मुक्त ठेवण्याविषयी आदेश दिलेले आहेत. दया करावयाची तर ती आवाराबाहेर, ठरलेल्या जागी करावी.

डोंगरालगतच्या शाळांसाठी आणखी एक गोष्ट. मुले म्हणतात, घरी जागा नाही, शेतातल्या खोपटापाशी बांधू, राखणही होईल. अजिंठ्याच्या डोंगररांगांत बिबट्या आहे हे आपण जाणतोच. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव प्राण्यांचा, आणि त्यांतही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळून आला. साखळीने बांधलेल्या कुत्र्यास पळताही येत नाही. रात्री शेतात एकटा बांधलेला कुत्रा राखण करीत नाही, बिबट्यास वस्तीकडे बोलावतो.

जातिवंत कुत्र्यांविषयी मोबाइलवर पाहून मुले पुष्कळ विचारतील. लांब केसांचे थंड प्रदेशांतील कुत्रे आपल्या वैशाखात हाल सोसतात, एवढे सांगून पुढे जावे. मुधोळ अथवा कारवान कुत्रा आपल्याच भागातला खरा. २००५ साली टपाल खात्याने देशी जातींच्या कुत्र्यांवर चार तिकिटे काढली त्यांत त्यालाही मान मिळाला. परंतु तो शिकारीचा, धावणारा कुत्रा, गल्लीत साखळीला तो शोभत नाही. आपल्या हवेस गावठी कुत्राच बरा. भाकरी त्यास चालते. जोडीला अंडे, ताक असे काही असावे. कांदालसणाचा रस्सा मात्र देऊ नये, कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास अपाय करतात.

नाही म्हटल्यानंतर

एका मुलीने तिसऱ्या तासिकेस असा प्रश्न विचारला की, मला उत्तर देण्यास वेळ लागला. ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी हिशेब करून नाही म्हटलं, तर पिल्लांचं काय होईल?"

या प्रश्नास खरे उत्तर द्यावे. पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांचा मागोवा घेतला तेव्हा पाचांतील जेमतेम एक पिल्लू सात महिन्यांचे होईपर्यंत जगले. म्हणजे आपण नाही म्हटले तर हिशेब सुटतो, पिल्लू सुटत नाही. मुलाने दप्तरात पिल्लू घातले ते काही मूर्खपणाने नव्हे. मात्र एका घराने पाळणे एवढाच मार्ग नाही, हेही मुलांना दाखवावे. आई पिल्लांना दूध पाजीत आहे तोवर तिला खाऊ घालणे हे काम वर्ग वाटून घेऊ शकतो. त्याला कोणाच्याही बारा वर्षांचा करार लागत नाही. रस्त्यापासून दूर, कोरड्या जागी पोते अंथरून देता येते. मात्र कुत्री अंगावर येत असेल तर मुलांना तिच्याजवळ जाऊ देऊ नये, हे काम मोठ्या माणसाने करावे. पिल्ले मोठी झाल्यावर गरजू शेतकऱ्यास विचारता येते. आणि पुढच्या भाद्रपदाआधी त्या कुत्रीच्या नसबंदीविषयी ग्रामपंचायतीस पत्र लिहिता येते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांनी हे काम स्थानिक संस्थांकडे सोपविलेले आहे. पत्रलेखनास एवढा जिवंत विषय दुसरा मिळणार नाही. आमच्या वर्गाने असे पत्र लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही.

एकूण सहा पिल्ले होती. वर्गाने त्यांची नोंद एका वहीत ठेवली. एक थंडीत गेले. एक ट्रॅक्टरखाली सापडले. एक मेंढपाळ घेऊन गेला. दोन आईसोबत गावातच राहिली.

सहावे ते दप्तरातले. मुलाने दोन दिवसांनी वहीची डावी बाजू भरली होती. तेथे त्याने लिहिले होते, "आजीला विचारीन." आजीचे वय सत्तरीचे, वेचणीस जात नाही, दिवसभर ओट्यावर असते. गुरुजी म्हणाले, विचारताना नुसते 'ठेवू का' असे विचारू नकोस, फलकावरचा सगळा हिशेब तिला वाचून दाखव. त्याने दाखविला. आजीने तो ऐकून घेतला व म्हणाली, खाऊ मी घालीन, दवाखान्यात मी जाणार नाही, तेवढे तुझ्या बापाने कबूल करावे. बापाने आठवडाभर होकार दिला नाही. वेचणी उरकल्यावर दिला. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यानंतर घरी आले व तीन महिन्यांचे होताच त्यास लस टोचण्यात आली. तारीख वहीत आहे.

फाल्गुनात मी त्या गावी पुन्हा गेलो, तो निकाल अद्याप लागावयाचा होता. मुलगा मला घरी घेऊन गेला. ओट्यावर आजीच्या पायाशी कुत्रा निजलेला. "राजा" म्हणून मुलाने हाक मारली. त्याने कान हलविला, पण उठला नाही. मग आजीने "ए बाळ्या" म्हटले, तेव्हा तो उठून शेपटी हलवीत तिच्याकडे गेला. मुलगा माझ्याकडे पाहून थोडा हिरमुसला व म्हणाला, "साहेब, मी नाव राजा ठेवलं होतं."